जाणारी बदकं, राहणारे गुरुजी

वाऱ्याच्या उलट दिशेनं चाललेलं मडकं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. सत्तर सालची गोष्ट. पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावात शाळेत रुजू होऊन मला पुरते चार दिवससुद्धा झाले नव्हते. तळ्यावर धुणं घेऊन गेले होते. वारा माझ्याकडून पलीकडच्या काठाकडे चालला होता, पाण्यावरचा पालापाचोळा तिकडे सरकत होता, आणि एक काळं मडकं मात्र सावकाश माझ्याकडे येत होतं. मी हातातला साबण टाकला आणि अशी बोंब ठोकली की बास! शेजारी गोधडी आपटणाऱ्या बाईनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "भिऊ नका ओ बाई. आपलं गुरुजी हायेत त्यात. बदकं धरत्यात."

तेवढ्यात ते मडकं उठून उभंच राहिलं. खाली एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस, धोतर कमरेला खोचलेलं, अंगावरून पाणी निथळतंय. मडक्याला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेली होती. ते डोक्यावरून काढून त्यांनी मला नमस्कार केला.

"नवीन बाई तुमीच का? वरडलात आन् उडाली समदी. सकाळधरनं बसलो हुतो पान्यात."

"पण बसायचं कशाला पाण्यात?"

"पायात वाळा घालायचा हुता."

"कुणाच्या?"

"बदकाच्या," गुरुजी म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

मी घरी पत्र लिहिलं की इथं माझ्याबरोबर एक वेडा मास्तर आहे आणि बदली करून घेता येते का ते बघा. बदली झाली नाही, बरं झालं. पुढं मी नऊ शाळा बदलल्या, पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. त्यातल्या एकाचीही मला अशी आठवण येत नाही.

मडक्याची युक्ती त्यांना एका पारध्यानं शिकवली होती. आधी आठ-दहा रिकामी मडकी तळ्यात सोडून द्यायची. आठवडाभरात बदकांना त्यांची सवय होते, ती मडक्यांच्या आजूबाजूला बिनघोर पोहायला लागतात. मग एका मडक्यात आपलं डोकं घालायचं, गळ्याएवढ्या पाण्यातून मुंगीच्या पावलानं सरकायचं, आणि बदक जवळ आलं की पाण्याखालून त्याचे पाय धरायचे. पारधी तिथून पुढं बदक पिशवीत टाकायचा. गुरुजी त्याच्या पायात रंगीत वायरचं कडं अडकवून त्याला सोडून द्यायचे. पारध्याला ते बघवेना. "सोडायचं हुतं तर धरलं कशाला?" म्हणून तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, असं गुरुजीच मोठ्या खेदानं सांगायचे.

ही वायर म्हणजे त्या वेळी आम्ही बायका पिशव्या विणायचो ती. मी तेव्हा लाल-पिवळी पिशवी विणायला घेतली होती. गुरुजी मधल्या सुट्टीत यायचे आणि पिशवीकडे असे बघत राहायचे की मीच म्हणायचे, "किती हवी?" "बोटभर फक्त." असं बोटभर-बोटभर करत माझ्या पिशवीचे बंद संपले. तिला पुढं मी सुतळीचे बंद लावले.

बदकं म्हणजे आपली हळदीकुंकू बदकं. चोचीचं टोक पिवळंधमक आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हळदीकुंकू. बारा महिने या मुलखात दिसणारं पाखरू, दूरदेशाहून येणारं नव्हे. पण तळं आटायला लागलं की होळीच्या पुढंमागं त्यातली काही उडून जायची, गोदावरीकडे म्हणा, आणखी कुठं म्हणा. काही तिथंच विहिरीजवळच्या डबक्यात दिवस काढायची. पाऊस झाला की गेलेली परत. आम्ही कुणी कधी तिकडे लक्षसुद्धा दिलं नसतं. गुरुजींनी मात्र या एका प्रश्नापायी स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

"एका तळ्यातली, एका जातीची, एकच पानी पिनारी. मंग काही का जात्यात आन् काही का ऱ्हात्यात?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, हेडमास्तरांना विचारला, कासाराला विचारला. एस.टी.च्या कंडक्टरला तर इतक्यांदा विचारला की तो लांबून गुरुजी दिसले की गाडी फाट्यावर न थांबवता पुढं काढायचा. गावातली एक मुलगी सासरी निघाली होती, गळ्यात पडून रडारड चालली होती, त्यात हे जाऊन तिच्या आईला विचारतात, "जायचं पोरीनंच का? पोरानं का न्हाई?" बाईनं डोळे पुसता पुसता त्यांना झापलं. गुरुजी खाली मान घालून परत आले आणि मला म्हणाले, "रागावल्या. पर उत्तर न्हाई दिलं."

बदकांना त्यांनी गावातल्या माणसांची पदं दिलेली होती. एक सरपंच, एक तलाठी, एक कोतवाल. वहीत नोंदी अशा: 'तलाठी आज गेला. दर साली पहिला तोच.' 'सरपंच लंगडतो, डबक्यातून हलत नाही.' ही वही एकदा सरपंचांच्या हाती पडली आणि मोठाच घोटाळा झाला. एका लाल वायरवालीचं नाव 'बाई' होतं. मी फुशारून विचारलं, माझं का नाव दिलंत? म्हणाले, "लई कलकल करती." मग दोन दिवस मी त्यांना चहा दिला नाही. त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नसावं, कारण ते चहात साखर घ्यायचे नाहीत, गूळही नाही, चिमूटभर मीठ टाकायचे. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. माणूस घरात एकटा असला की जिभेला काय वाटेल त्याची सवय लागते, असं मी धरून चालले होते.

उत्तरं मात्र त्यांच्याकडे भरपूर होती, म्हणजे दर साली नवं. एका साली म्हणाले, दुबळी असतात ती राहतात, पंखात बळ नसतं म्हणून. दुसऱ्या साली म्हणाले, चुकलो, दांडगी असतात ती राहतात. डबकं लहान, त्यावर दांडग्यांचा हक्क, दुबळ्यांना ते हुसकून लावतात. मग एका साली चार वर्षं न हललेली एक चांगली धडधाकट मादी उडून गेली आणि दरसाल जाणारं एक नर-बदक डबक्यात बसून राहिलं. गुरुजी आठ दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मी म्हटलं, "अहो, तिला कंटाळा आला असेल." त्यांनी ते प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं. 'बाईंचे मत: कंटाळा.'

बघण्याचा त्यांचा एक नियम होता आणि तो ते मोडत नसत. थोपवायचं न्हाई, हुसकवायचं न्हाई, निस्तं बघायचं. डबक्यातल्या बदकांना मी एकदा ज्वारीचे दाणे टाकायला निघाले तर माझ्यावर डाफरले. दाण्यांपायी राहिली तर ती राहिली की मी ठेवली, हे कळणार कसं? मला हा नियम फार कोरडा वाटायचा. अजूनही थोडासा वाटतो.

ही बदकांची गोष्ट झाली. पण त्या गावात जाणारी आणि राहणारी माणसंही होतीच. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं व्हायचं. बैलगाड्या भरायच्या, वर चुलीची भांडी, कोंबड्या, पोरं, आणि तांडा कारखान्याच्या मुलखात ऊस तोडायला निघायचा. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. परत यायचे ते उन्हाळा तापल्यावर. गुरुजी दसऱ्यापासून घरोघर फिरायचे. "तुमी का निघालात?"

"पोटासाठी, गुरुजी."

"आन् शेजारचे का ऱ्हायले? त्यास्नी पोट न्हाई?"

"त्यांच्या हिरीला पानी हाय की!"

"पलीकडच्याची बी हीर हाय, त्यो निघालाय."

"आता तुमी गाडीत बसा आन् त्यालाच ईचारा!" असं म्हणून लोक हसायचे. रागावत नसत. गावाचा त्यांच्यावर जीव होता.

मी कुठली? तर बेलापूरकडची. म्हणजे ज्या मुलखात हे तांडे यायचे तिथली. आमच्या वडिलांचाच ऊस होता. लहानपणापासून दरसाल थंडीत आमच्या बांधापलीकडे पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उठायच्या, त्यांतून धूर निघायचा, पोरं रडायची. उन्हाळ्यात कोप्या गायब. ती पोरं कुठून येतात, त्यांना शाळा असते का, हे बावीस वर्षं एकदाही माझ्या मनात आलं नाही. एका परीनं मीही बदकंच बघत होते म्हणा ना, पण वही नसलेली. ही गोष्ट मी कुणाला फारशी सांगत नाही, लाज वाटते.

हजेरीपटावर गुरुजी या मुलांपुढं गैरहजेरीची खूण करत नसत. पाच-सहा महिन्यांचे रकाने मोकळे आणि कडेला बारीक अक्षरात 'परतणार'. शिक्षणखात्याचे दिपोटी तपासणीला आले तेव्हा हजेरीपट बघून भडकले.

"हे काय आहे? गैरहजर म्हणजे गैरहजर."

"साहेब, होळीला तळ्यावर बदक दिसत न्हाई, म्हणून आपण त्याला गैरहजर म्हणतो का?"

"शाळा आहे ही, तळं नव्हे!"

"व्हय साहेब. तळ्यातली परत येत्यात, शाळेतली समदी येत न्हाईत. म्हणून लिवून ठिवतो, ध्यानात ऱ्हावं."

दिपोटींनी शेरा मारला. गुरुजींनी तो वाचला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पट मिटला. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा 'परतणार'.

क्रम लावून सांगण्याची मला सवय नाही, तेव्हा हेही इथंच सांगते. बहात्तरच्या दुष्काळात तळ्याला भेगा पडल्या. डबकंसुद्धा उरलं नाही. तलाठी, कोतवाल, सगळी बदकं गेली, कधीच न हलणारा लंगडा सरपंचसुद्धा. गुरुजी कोरड्या तळ्यात जाऊन उभे राहायचे. मी म्हटलं, "चला, या वर्षी तरी तुमचा प्रश्न सुटला, सगळीच गेली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ते बोलणं अजून बोचतं. गावात खडी फोडायचं काम निघालं होतं, सुकडीचे डबे येत होते, आणि हा माणूस बदकांसाठी डोळे भरून उभा होता. ते पुढं त्याच गावात निवृत्त झाले, तिथंच वारले. वह्या कुणी नेल्या, ठाऊक नाही.

पण माझ्या मनात गुरुजी म्हटलं की त्याच्या आदल्या वर्षाचे गुरुजी येतात. लढाईचं वर्ष, एकाहत्तर. त्या वर्षी सातवीत कौशी होती.

कौशी म्हणजे कौशल्या. चौदा वर्षांची, तेल न लावलेल्या केसांची, दोन इयत्ता रखडलेली. रखडलेली म्हणजे मठ्ठ नव्हे हो! दर साली निम्मं वर्ष कारखान्यावर. उरलेल्या निम्म्यात ती जे शिकायची ते बाकीच्यांना वर्षात येत नव्हतं. गणित तर असं करायची की मी फळ्यावर लिहीपर्यंत उत्तर तयार. सातवीची केंद्र परीक्षा पास झाली की पुढं शिकायचं दार उघडत होतं. पण परीक्षा होळीनंतर, आणि तोवर तांडा परतलेला नसायचा. या साली हुकली तर पुढच्या दिवाळीला तिचं लग्नच, असं तिच्या आईनं मला सरळ सांगितलं होतं.

मी गुरुजींना म्हटलं, "तुम्ही चला माझ्याबरोबर. तिच्या आईबापाला सांगू, पोरीला आजीपाशी ठेवा."

गुरुजी म्हणाले, "मी ईचारीन. थोपवायला येनार न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बसा तुम्ही मडक्यात डोकं घालून! आणि एकटीच गेले. चांगली तीन वेळा गेले. कौशीचा बाप गरीब माणूस, बाईमाणसापुढं मान वर न करणारा. आई म्हणाली, "बाई, बाळ्याचं काय करू? रांगतंय आता ते." कौशीच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला तिचा भाऊ, नऊ महिन्यांचा. मी म्हटलं, होईल काहीतरी, तांड्यात बायका आहेत, बघतील. असं म्हटलं मी. तांड्यातल्या सगळ्या बायका पहाटेपासून उसाच्या फडात असतात, हे बेलापूरच्या बागायतदाराच्या लेकीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी तेव्हा जिंकायला निघाले होते. शेवटी बाप म्हणाला, "बाई येवढं म्हनत्यात तर ऱ्हाऊ दे पोरीला."

तांडा निघाला त्या दिवशी कौशी आजीशेजारी उंबऱ्यात उभी होती. रडली नाही. शाळेत आली, पहिल्या बाकावर बसली. मी इतकी खूश होते की वर्गाला गोष्ट सांगितली. मधल्या सुट्टीनंतर पाहते तर बाक रिकामा. दप्तर तिथंच, पाटी तिथंच. एका पोरानं सांगितलं, ती पाथर्डीच्या रस्त्यानं पळत गेली, अनवाणी.

गुरुजींनी सायकल काढली. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, वेळेला तरी माणूस उठला.

दिवस मावळताना ते परत आले. मी शाळेच्या पायरीवरच बसले होते. सायकलच्या मागं कुणी नव्हतं.

"कौशी कुठाय?"

"पोचिवली."

"घरी?"

"आईबापाकडं. गाड्या पाथर्डी ओलांडून गेल्त्या. निम्म्या वाटंत पोरगी गावली, पायातनं रगत येत हुतं. सायकलीवर घेतली आन् गाडीत बसवून आलो."

मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. त्यांच्या वयाचा, मानाचा काही विचार ठेवला नाही. तुम्ही दगड आहात म्हटलं. तुमचं बदकांचं शास्त्र लेकरांवर चालवू नका म्हटलं. एका पोरीचं आयुष्य तुम्ही सायकलीवर घालून बुडवून आलात म्हटलं. गुरुजी ऐकत राहिले. मग माझ्या खालच्या पायरीवर बसले, वहाणा काढल्या, आणि बोलायला लागले.

"मला एक बहीन हुती, बाई. मी साताचा, ती नवाची. खाली धाकटा, पाळन्यातला. माझे आईबाप पहिल्यांदा कारखान्याच्या मुलखात निघाले तवाची गोष्ट हाय. आई गाडीत चढली आन् तिनं धाकटा बहिनीच्या कडंवर दिला. मला ढास लागायची, मला लेकरू पेलत न्हवतं. मी आजीपाशी ऱ्हायलो. रिकामं पोर काय करनार, म्हणून आजीनं शाळंत घातलं. हुशार ती हुती, बाई. मी न्हाई. मला पाढे तिनं शिकिवले, फडातल्या मोळ्या मोजून मोजून पाठ केलेले. ती दर साली जात ऱ्हायली. एक लेकरू कडंवरनं उतरलं की दुसरं. मंग तिची सोताची. आता न्हाई ती. मरंपातुर अंगठाच उठवत हुती."



"बदकांचं मला अजून कळलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "वजन बघितलं, वय बघितलं, नर-मादी बघितलं. कळंल कवातरी कुनाला. पर आमच्या घरातलं येवढं कळलंय. ज्याच्या कडंवर लेकरू दिलं, ते गेलं."

"मग मी तिला थांबवत होते ते चूक होतं का?"

"थांबिवलंत तुमी. पर कडंवरचं कुनी घेतलं न्हाई. वाटंत मी तिला ईचारलं, ऱ्हायचं का जायचं? तर मलाच म्हनली, 'बाळ्याला कोन धरतंय ते सांगा, मंग सांगते.' मागल्या साली बाजूच्या कोपीतलं पोर पाटाच्या पान्याकडं रांगत गेल्तं. ही धावली म्हणून हाती लागलं. तिनं मला ईचारलं आन् मला काय सुदरंना. गपगुमान पोचवून आलो."

मलाही सुधरलं नसतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि घरी गेले. त्या रात्री चहात साखर टाकताना मला गुरुजींचा मिठाचा चहा आठवला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी रजेचा अर्ज टाकला. साठलेली सगळी रजा, परीक्षेपर्यंतची. हेडमास्तरांना वाटलं माणूस आजारी पडला, कारण हा गृहस्थ लग्नाकार्याला गेला तरी मुक्कामाला थांबत नसे, रात्री आपल्या गावात परत. "कुठं निघालात?" तर म्हणाले, "कारखान्याकडं." "कशाला?" तेव्हा मात्र, जन्मभर जगाला हाच प्रश्न विचारणाऱ्या माणसानं उत्तर दिलं नाही. वळकटी, पाट्यांचं एक गाठोडं आणि कौशीचं राहिलेलं दप्तर घेऊन ते एस.टी.त बसले. सारा गाव फाट्यावर जमला होता.

संक्रांतीला मी माहेरी गेले. दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाची सायकल घेतली आणि कारखान्याजवळच्या तांड्याच्या तळावर जाऊन चौकशी केली, पाथर्डीकडचे एक गुरुजी आलेत का? एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी-बिरुजी न्हाई. एक प्वॉरं सांभाळनारा बाबा हाय, त्यो बगा बाभळीखाली."

बाभळीच्या फांदीला दोन झोळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्या दोऱ्या गुरुजींच्या पायाच्या अंगठ्यांना बांधलेल्या. मांडीवर एक पोर, नाक गळत असलेलं. आणखी एक रांगतं, त्याच्या कमरेला बांधलेल्या उपरण्याचं टोक गुरुजींच्या मनगटाला. समोर सात-आठ मुली ओळीनं बसलेल्या, आणि फळा म्हणून उभ्या केलेल्या पत्र्यापुढं कौशी. ती त्यांना त्रैराशिक समजावून देत होती, अगदी माझ्यासारखा हात करून.

मी सायकल लावली.  म्हटलं, "गुरुजी, इथंही शाळा काढलीत?"

"छ्या! मी न्हाई शिकवत. मला कुठं सवड?" गुरुजी म्हणाले. "शिकत्यात त्यांचं त्या. मी निस्तं धरतो." मग मांडीवरचं पोर त्यांनी माझ्यापुढं केलं. "घ्या वाईच, बोटं आखडल्यात."

ते पोर म्हणजे बाळ्या. मी त्याला घेतलं. चांगला जड होता. मी वर्षभर शिकवत होते, माझं बी.ए. झालेलं, आणि या पोराला अर्धा तास कडेवर घेण्याची बुद्धी मला झाली नव्हती. सूर्य माथ्यावर येईपर्यंत मी तिथं बसले. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, फडातली धूळ.

कौशी पास झाली का, असं सगळे विचारतात. झाली. पुढं शिकली, चांगली नोकरी केली, आता नातवंडं आहेत. तो बाळ्यासुद्धा मास्तर आहे म्हणे कुठंतरी. पण मला निकालाचा दिवस आठवतच नाही. मला परीक्षेचा दिवस आठवतो.

केंद्र पाथर्डीला होतं. गुरुजी दोन एस.ट्या बदलून कौशीला घेऊन आले, आणि कडेवर बाळ्या. तळावरची बाकीची पोरं आयांनी पाळीपाळीनं धरली होती, पण हा बहिणीमागं राहीना. गणिताचा पेपर होता. माझ्याकडे व्हरांड्यात मुलांना पाणी द्यायचं काम. गुरुजी बाहेर भिंतीच्या सावलीला बाळ्याला घेऊन येरझाऱ्या घालत होते. तासभर बरं गेलं. मग बाळ्यानं सूर धरला. आधी कुरकुर, मग भोकाडच. गुरुजींनी थोपटलं, खांद्यावर टाकलं, किल्ल्यांचा जुडगा वाजवला. पोर ऐकेना.

आत कौशीचं पेन थांबलं. तिनं मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं. तिचा एक पाय बाकाबाहेर आलेला मला दिसला. पर्यवेक्षक म्हणाले, "ए मुली, खाली बस." ती बसली, पण लिहीना. डोळे खिडकीवरच.

गुरुजींनी तिला पाहिलं. टोपी काढून त्यांनी बाळ्याच्या डोक्यावर घातली, त्याला नीट खांद्यावर घेतलं आणि वळले. शाळेचं फाटक ओलांडलं. एस.टी. स्टँडवरून पुढं, मग गावाबाहेरच्या रस्त्याला लागले. चैत्राचं ऊन, रस्त्याला झाड नाही. बाळ्याचं रडणं लांब लांब जात होतं. कौशी कान देऊन बसली होती, मीही बसले होते. थोडं ऐकू आलं, मग अगदी बारीक, मग काहीच नाही.

कौशीनं पेन झटकलं आणि लिहायला लागली. मी पाण्याची कळशी खाली ठेवून फाटकापर्यंत गेले आणि रस्त्याकडे पाहिलं. गुरुजी अजून चालतच होते.